झेडचं बटण

गायकवाडबाईंना खाली बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी चार वर्षं ही बाई माझ्या डोळ्यांपुढे नुसती फिरत होती. चहा उभ्याने, डबा उभ्याने, भांडण तर उभ्यानेच. मी खुर्ची पुढे केली की त्या तिच्यावर पर्स ठेवायच्या आणि पुन्हा चालू लागायच्या. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे मान सारखी इकडून तिकडे फिरवावी लागे. संध्याकाळी माझी मान दुखायची आणि बायको विचारायची, "आज बाई आल्या होत्या वाटतं?"

मी तेव्हा केडगावात, पुणे रस्त्याला लागून, टायपिंग इन्स्टिट्यूट चालवायचो. पुढच्या हॉलमध्ये टाइपरायटरच्या दोन रांगा, भिंतीवर बोटांचा तक्ता, त्याच्यावर गणपतीची तसबीर. मागे एक रिकामी खोली. टायपिंग हा शिस्तीचा धंदा. पाठ ताठ, मनगट उचललेलं, नजर कागदावर. बोटं सोडून दुसरं काही हललेलं मला खपत नाही. त्या मागच्या खोलीसाठी मी कुणीतरी शांत भाडेकरू शोधत होतो, आणि नशिबाने ह्या आल्या.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. दुपारची वेळ. बाहेर लुना फटफटत उभी, कारण ती बंद केली की परत चालू व्हायला रुसते, म्हणून बाई ती बंदच करत नसत. ठेंगण्या, सावळ्या, साडी घोट्याच्या वर खोचलेली, कोपरांना खडूची भुकटी. जवळच्या हायस्कुलात त्या चित्रकला शिकवतात एवढं मला ऐकून माहीत होतं.

"टायपिंगवाले, मागची खोली द्यायचीय ना?"

"हो, पण कशासाठी?"

"कॉम्प्युटर आणतेय. रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीतली पोरं येतील. चित्रं काढतील."

"कॉम्प्युटरवर? चित्रं?"

"मग काय पापड वाळत घालतील?" असं म्हणून त्या खोली बघायला आत गेल्यासुद्धा. मी हो म्हटलं की नाही हे मला आजही आठवत नाही.

आठवड्याभरात एक टेम्पो दाराशी थांबला. पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेले दोन कॉम्प्युटर त्यात गोधड्यांत गुंडाळून ठेवले होते, आणि बाई मागच्या हौद्यात एका मॉनिटरला मिठी मारून उभ्या होत्या. ड्रायव्हर कपाळाला हात लावून मला म्हणाला, "शिरूरला म्हनलं, घाटात म्हनलं, बाई बसा. ऐकतच न्हाईत. म्हनतात, मी बसले तर हे हलंल."

त्या काळी कॉम्प्युटरचा मान देवघराएवढा होता. नगरात जे एकदोन क्लास निघाले होते तिथे चपला दाराबाहेर, खिडक्यांना जाड पडदे, मशीनला झालरीचं कव्हर, आणि हात लावायचा तो फक्त सरांनी. पोरांनी मागे उभं राहून बघायचं. मीही भाबडेपणाने मागच्या दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी टाइप करून लावली. बाईंनी ती फाडली आणि पहिल्या दिवशी आलेल्या पोरांना मशीनपुढे ढकलून म्हणाल्या, "हात लाव. चावत नाही."

पोरं सगळी हमालांची, बिगाऱ्यांची, धुणंभांडी करणाऱ्या बायांची. कुणी दहावीला गचकलेलं, कुणी तिथवर पोचलेलंच नाही. बाईंचं म्हणणं सरळ होतं. नगरातले सगळे प्रेस आता कॉम्प्युटर घेत होते, छपाईचे खिळे जुळवणारे जात होते, आणि पत्रिका, जाहिराती, पोस्टरं मशीनवर करणारी माणसं कुणाला मिळत नव्हती. "माझं एक तरी पोर प्रेसच्या खुर्चीत बसलेलं मला बघायचंय," त्या म्हणायच्या. "झाडायला नाही हो. बसायला."

स्वतः उभ्या राहून त्या हे सांगत, याची मला गंमत वाटायची.

दोन मशीन आणि डझनभर पोरं, मग बाकीच्यांनी काय करायचं? बाईंनी फर्मान काढलं की प्रत्येकाने घरातून धुण्याच्या साबणाची अर्धी झिजलेली वडी आणायची. साबणाची वडी म्हणजे माउस. माझ्या शहाबादी फरशीवर पोरं ओळीने उकिडवी बसायची आणि ती वडी धरून अक्षरं काढायची. फरशी काळपट, साबण पांढरा, त्यामुळे हात कुठे वळला, कुठे थरथरला, सगळं उमटायचं. बाई त्या रेघांवरून उड्या मारत हिंडायच्या. "हा अ आहे का? याचं पोट बघ. उपाशी आहे." माझ्या टायपिंगच्या मुली तक्त्याकडे बघायचं सोडून मागच्या दाराकडे बघायला लागल्या. आणि एकदा क्लास सुटल्यावर पोरांनी पाणी ओतून फरशी धुतली, त्या फेसावरून मी जो सरकलो तो थेट टाइपरायटरच्या टेबलाखाली. बाईंनी मला उठवलं, धोतर-बितर नेसत नाही मी म्हणून बरं, आणि विचारलं, "लागलं नाही ना? बरं. पुढं?"

'पुढं' हा त्यांचा शब्द. छान, शाब्बास, वा, असलं काही त्यांच्या तोंडून निघायचं नाही. पोराने जीव ओतून काही केलेलं दाखवलं की त्या डोळे बारीक करून बघायच्या आणि म्हणायच्या, "बरं. पुढं?" पहिल्यांदा पोरं हिरमुसायची. मग त्यांना कळलं की 'बरं' मिळालं म्हणजे जिंकलं.

अक्षरांचं वेड त्यांना वडलांकडून आलेलं. वडील लष्कराच्या डेपोत गाड्यांवर नंबर रंगवायचे. त्यामुळे बाईंना वाकडी पाटी सहनच व्हायची नाही. भर रस्त्यात लुना थांबवून हॉटेलवाल्याला सांगायच्या, "तुमच्या मिसळीचा ळ पडायला आलाय," आणि तो बिचारा वर बघून पाटीचे खिळे तपासायचा.

आता त्या झेडच्या बटणाचं सांगतो. फरशीवरून मशीनवर गेलेल्या पोरांना एक जादू सापडली होती. कंट्रोल आणि झेड ही दोन बटणं एकदम दाबली की शेवटची चूक पुसली जाते. झालं. पोरं रेघ मारायची आणि पुसायची, मारायची आणि पुसायची. तासभर बसून पडद्यावर काही नाही. बाईंनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पर्समधून केसांची पिन काढली आणि दोन्ही कीबोर्डांवरचं झेडचं बटण उचकटून काढलं. तेवढ्यावर न थांबता ती बटणं भोकं पाडून लुनाच्या किल्लीच्या जुडग्यात दोऱ्याने ओवली.

मी कळवळलो. कीबोर्ड म्हणजे माझा प्रांत. "अहो बाई, त्या बटणावर मराठीचा रफार आहे! पोरांनी सर्व कसं लिहायचं? वर्ग कसा लिहायचा?"

"भोकात पेन घालून दाबतील."

"मग पुसायलाही पेन घालतील की."

"घालू दे. पेन शोधेपर्यंत विचार तरी करतील," त्या म्हणाल्या. "टायपिंगवाले, फरशीवर चुकलं की तिथनंच वळवून घेत होती ही पोरं. हात शिकत होता. इथं नुसती पुसतात."

मी चार दिवस अबोला धरला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, त्यामुळे तो मलाच सोडावा लागला.

पेन न घालणारी एकच पोरगी होती, मंगल साळवे. एकोणीस-वीस वर्षांची, दहावीच्या गणितात अडकलेली. वडील नामदेव साळवे मार्केट यार्डात हमाल. पोरगी बोलायला फटकळ, पण माउस धरला की ओठ घट्ट मिटायची. तिच्या मामेभावाचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचा प्रश्न आला. वस्तीतली बहुतेक घरं बौद्ध. बाजारात तयार मिळणाऱ्या पत्रिकांवर गणपती आधीच छापलेला असायचा. बुद्धाच्या पत्रिका एखाद्या दुकानात यायच्या आणि संपून जायच्या. मग घरातली सगळी मंडळी गोल करून बसायची आणि एकेका पत्रिकेवर बुद्धाचं छोटं चित्र खळीने चिकटवायची. लग्नं उन्हाळ्यातली. खळ सुकायची, चित्र गळून पडायचं, आणि पाहुण्यांच्या हातात गणपतीच पोचायचा.

"आपली आपण काढू," बाई म्हणाल्या. "मंगल, तू काढ. पण कॅलेंडरातला बुद्ध बघून काढायचा नाही. तुझ्या ओळखीचा एखादा शांत चेहरा शोध आणि तो काढ."

मंगल तीन-चार दिवस नुसती मशीनपुढे बसली. मग म्हणाली, "बाई, आमच्या वस्तीत शांत चेहराच न्हाई. समदी वरडतात."

"मग वस्तीच्या बाहेर बघ."

एका दुपारी ती वडलांचा डबा घेऊन मार्केट यार्डात गेली. नामदेव कांद्याच्या गोण्यांवर पाठ टेकून झोपला होता, मांडीवर हात, डोळे मिटलेले. मंगल डबा घेऊन तशीच उभी राहिली. परत आली आणि कुणाशी न बोलता कामाला लागली.

चित्र फ्लॉपीत, फ्लॉपी बाईंच्या पोह्याच्या डब्यात, डबा नगरातल्या एका जुन्या प्रेसमध्ये, असा प्रवास होऊन पत्रिका छापून आल्या. आणि दुसऱ्याच दिवशी वस्तीतली तीन वडीलधारी माणसं माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये येऊन उभी राहिली. त्यातल्या पांढऱ्या टोपीवाल्याने पत्रिका माझ्याच टेबलावर आपटली, जणू चित्र मीच काढलं होतं.

"ह्यो बुद्ध न्हाई. ह्यो आपला नामा हमाल हाय."

मी चष्मा लावून पाहिलं. होताच की नामदेव! गालाची हाडं वर आलेली, ओठ जाडसर, आणि दिवसभर ओझी वाहिलेल्या माणसाचे मिटलेले डोळे. पण इतकं निवांत चित्र मी कुठल्या पत्रिकेवर पाहिलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

बाई आतून आल्या आणि त्या तिघांभोवती फिरायला लागल्या. "मग? नामा हमालाला शांती मिळू नये, असं कुठं लिहिलंय का?"

"तसं न्हाई बाई, पर लोक काय म्हनतील?"

शेवटी नामदेवलाच बोलावणं गेलं. तो घामाचं अंग पुसत आला. पत्रिका हातात घेऊन त्याने ती लांब धरली, जवळ धरली, मग स्वतःचं नाक चाचपलं. "नाक माझं न्हाई," तो म्हणाला. "नाक लई सरळ काढलंय पोरीनं." पांढरी टोपी आधी हसली, मग सगळेच हसले. मंगल मागच्या दारात उभी राहून रडत होती, आणि बाई तिला म्हणत होत्या, "बरं. पुढं?"

ती पत्रिका श्रीगोंद्याला गेली, पाथर्डीला गेली, पार जामखेडच्या खर्ड्यापर्यंत गेली. लोक यायचे आणि सांगायचे, तो झोपलेला बुद्ध पाहिजे. बाई चिडायच्या, "झोपलेला नाही हो, ध्यानातला." मंगल हळूच म्हणायची, "झोपलेलाच हाय."

पण बाईंची ती खुर्ची अजून लांबच होती. त्यांनी आपली पोरं एकेक करून प्रेसवाल्यांकडे पाठवून पाहिली. मालक लोक गोड बोलायचे. नाव विचारायचे, आडनाव विचारायचे, राहता कुठे विचारायचे, आणि म्हणायचे, "कळवतो." कळवलं कुणीच नाही. अशात त्या उन्हाळ्यात त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या बदल्या निघाल्या आणि गायकवाडबाईंना भंडारदऱ्याकडच्या शाखेत जायचा हुकूम आला. जूनला हजर व्हायचं. मला वाटलं, आता तरी या बाई एका जागी बसून चार अश्रू ढाळतील. त्या आणखी जोरात फिरायला लागल्या. "जूनच्या आत, टायपिंगवाले. जूनच्या आत एक तरी खुर्ची." मलाही मग टाइपरायटरच्या टकटकीत स्वस्थ बसवेना. मीच सांगायचो, बाई, अमक्या प्रेसला विचारलं का, तमक्याला विचारलं का.

आणि निरोप आला तो त्याच जुन्या प्रेसकडून. ज्याने तो बुद्ध काढला त्याला पाठवा, मालक म्हणाले. माणूस नाही, मुलगी आहे, असं बाईंनी कळवलं. चालेल, म्हणाले. फक्त परीक्षा घेणार. एका बड्या घरच्या लग्नाची पत्रिका करायची होती, तिच्यासाठी नवा गणपती काढून दाखवायचा.

संध्याकाळी मागच्या खोलीत मंगल, नामदेव आणि बाई असे तिघे होते. मी दारात. वर माझ्या तसबिरीतला गणपती सगळं ऐकत होता.

"आपुन हे देव सोडल्यात," मंगल म्हणाली. "आज्ज्यानं दीक्षेच्या वक्ताला घरातनं समदे देव काढून दिले. आन मी आता हातानं काढू?"

"पूजा कुठं करायचीय?" नामदेव म्हणाला. "मी यार्डात रोज उचलतो. पोत्यात काय हाय ते हमाल बघत न्हाई."

"तुमी पोतं उतरून घरी येता, आबा. चित्र माझ्या हातात राहतं."

मंगल बाईंकडे वळली. "बाई, तुमी काढला असता का?"

बाईंनी पंख्याचं बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. मग म्हणाल्या, "नाही काढला कधी. शाळेत दर वर्षी फळ्यावर गणपती काढायचा असतो. मी पोरांकडून काढून घेते. माझा हात दुखतो म्हणते." आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आम्ही पण बौद्धच आहोत, टायपिंगवाले. तुम्ही विचारलं नाही कधी."

खरंच विचारलं नव्हतं. गायकवाड सगळ्यांत असतात. वस्तीला माहीत होतं. मला, आणि त्यांच्या शाळेला, आपापल्या सोयीचं वाटत आलं होतं. मला उगाचच कानकोंडं झालं.

"तूच ठरव," बाई मंगलला म्हणाल्या. "मी सांगणार नाही." कुणाला काय करायचं ते न सांगणाऱ्या बाई मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुनावर मागे मंगलला बसवून त्या नगरला निघाल्या. लुनावरचं बसणं मी बसण्यात धरत नाही. मला टाइपरायटरच्या रिबिनी आणायच्याच होत्या, असं मी घरी सांगितलं आणि बसने मागोमाग गेलो. प्रेस जुन्या पेठेत होता. मंगल आत गेली होती आणि बाई बाहेर रस्त्यावर पानाच्या टपरीपासून प्रेसच्या पायरीपर्यंत फेऱ्या घालत होत्या. टपरीवाल्याच्या पाटीला नावं ठेवून झाली, समोरच्या शिंप्याची पाटी झाली, मेडिकलची झाली. ऊन चढत होतं. मी दोनदा म्हटलं, सावलीत तरी उभ्या राहा. त्यांनी ऐकलं नाही. माझंही चित्त ठिकाणावर नव्हतं. आपल्याच घरातलं कुणी परीक्षेला बसलंय असं मला वाटायला लागलं होतं, आणि ते मला कबूल करायचं नव्हतं.

मंगल बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"काढलास?" बाईंनी विचारलं.

"काढला."

"कसा आला?"

"चांगला आला. सोंडेला मधीच हात चुकला. त्यांच्या मशीनला झेडचं बटन हुतं, तरी पुसलं न्हाई. तिथनंच वळवून घेतली. मालक म्हन्ले, असली सोंड कुठं बघितली न्हाई."

"मग?"

"म्हन्ले, एक तारखेपास्नं ये."

बाईंनी माझा दंड इतक्या जोरात धरला की रिबिनींचा खोका खाली पडला. "झालं! टायपिंगवाले, झालं!"

"मी न्हाई म्हन्ले, बाई."

मी खोका उचलायला वाकलो होतो, तो तसाच वाकून राहिलो.

"मालक वाईट न्हाई," मंगल सांगत होती. तिचा आवाज शांत होता आणि हात मात्र ओढणी पिळत होते. "पानी दिलं, च्या दिला. म्हन्ला, बेटा, लग्नाची गिऱ्हाइकं जुनी मानसं असत्यात. कुनी इचारलं तर नुसतं मंगल सांगायचं. साळवे सांगत बसू नको. आडनाव लागलंच तर दुसरं कायतरी सांग, कोन बघायला येतंय. मी म्हन्ले, गनपती काढला, तुमी सांगाल ते काढंन. पर नाव पुसायचं न्हाई."

आणि बाई खाली बसल्या.

प्रेसच्या पायरीवर, धुळीत, पदर जमिनीला लागला तरी न सावरता. येणारे-जाणारे बघत होते. मला वाटलं चक्कर आली. "बाई, पाणी आणू?" त्यांनी मान हलवली. बराच वेळ त्या समोरच्या शिंप्याच्या पाटीकडे बघत राहिल्या, पण या वेळी तिच्यात त्यांना काही दिसत नसावं.

"इतकी वर्षं त्या स्टाफरूममध्ये आहे मी," त्या म्हणाल्या. "खोटं कधीच बोलले नाही. त्यांना वाटेल ते वाटू दिलं. हात दुखतो म्हणत राहिले. आणि ही पोरगी..." मला त्या क्षणी त्यांचा फार राग आला आणि त्यांच्याविषयी फार माया वाटली, आणि दोन्ही कशासाठी ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

मंगल पायरीसमोर उभी होती. खुर्ची हातची गेली होती, जून तोंडावर आला होता. तरी तिने हात पुढे केला.

"उठा बाई. लोक बघत्यात." आणि मग म्हणाली, "पुढं?"

बाईंनी तिच्याकडे वर पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि तिचा हात धरून उठल्या.

पुढं असं झालं की दोनपैकी एक कॉम्प्युटर माझ्या मागच्या खोलीतच राहिला, आणि पत्र्याची एक पाटी रस्त्याच्या बाजूला लागली. अक्षरं मंगलने मशीनवर काढली आणि बाईंनी ब्रशने रंगवली. 'साळवे ग्राफिक्स'. त्यातलं साळवे एवढं मोठं की माझी टायपिंगची पाटी तिच्यापुढे पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसायची. मी तक्रार केली. "तुमचा ट नीट काढून घ्या आधी," असं उत्तर मिळालं. दोन पावसाळे गेल्यावर तोच प्रेसमालक हातात फ्लॉपी घेऊन तिथे आला. बाहेर उभं राहून पाटी वाचली, जरा घुटमळला, आणि आत आला. पण ते बघायला बाई नव्हत्या.

त्या गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी. पुन्हा एक टेम्पो, पुन्हा गोधड्या. हौद्यात लुना आडवी बांधलेली, ट्रंक, साबणाच्या वड्यांनी भरलेली पिशवी, आणि दुसरा कॉम्प्युटर. वस्तीतली माणसं जमली होती, नामदेव सामान चढवत होता, कुणाला हात लावू देत नव्हता. शाळेतले चारपाच शिक्षकही नारळ आणि हार घेऊन आले होते. बाई वर चढल्या, मॉनिटरला मिठी मारून उभ्या राहिल्या, आणि मग आठवण होऊन त्यांनी किल्लीचं जुडगं काढलं. दातांनी दोरा तोडून एक झेडचं बटण मंगलपुढे धरलं.

"घे. आता लाव."

मंगलने ते घेतलं नाही. "ऱ्हाऊ द्या बाई. रफाराला पेन पुरतो."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. शाब्बास म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी नुसतं बटण मुठीत धरलं.

ड्रायव्हरने गाडी चालू केली. शिक्षक मंडळींनी नमस्कारासाठी हात जोडले. बाईंचे हात मॉनिटरला होते, त्यांना जोडता येणार नव्हते. त्यांनी शिक्षकांकडेच बघून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "येते. जय भीम."

शिक्षकांचे हात जोडलेले तसेच राहिले. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. मग मागून नामदेव हमालाचा आवाज आला, "जय भीम!" आणि सगळ्या वस्तीचा आला. शिक्षकांतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनीही हळूच म्हटलं. मीही म्हटलं, जरा अडखळत, कारण सवय नव्हती. बाईंनी ते ऐकलं आणि हसल्या.

टेम्पो नगरच्या दिशेने निघाला. हौद्यात त्या मॉनिटर धरून हेलकावे खात होत्या आणि पुढे भंडारदऱ्यापर्यंतची वाट होती. मी रस्त्यावर धावत जाऊन ओरडलो, "बाई, आता तरी बसा!"

टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मी बघत होतो. त्या उभ्याच होत्या.